अरसाळू : मालगुडीचे स्टेशन

मालगुडी हे गाव नकाशात कोठेच नाही. त्याचे स्टेशन मात्र आहे. शिमोग्याहून जोगच्या धबधब्याच्या दिशेने ताळगुप्प्याला जाणाऱ्या लोहमार्गावर अरसाळू नावाचे लहानसे स्थानक लागते, तेच ते.

आर. के. नारायण यांनी १९३५ साली ‘स्वामी अँड फ्रेंड्स’ या कादंबरीत मालगुडी वसवले. पुढे ‘द गाइड’ (१९५८) मध्ये तेथे रेल्वे येते आणि राजूच्या वडिलांना स्टेशनात दुकान मिळते. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने ही कादंबरी जरूर वाचावी. गाडीबरोबर गिऱ्हाईक येते, गिऱ्हाईक वस्तूंबरोबर चार गोष्टी विचारते, आणि दुकानदार राजू बघता बघता माहिती पुरवणारा ‘रेल्वे राजू’ होतो. सेवाव्यवसायाचा असा धडा आमच्या क्रमिक पुस्तकात नाही.

शंकर नाग यांनी दूरदर्शनसाठी ‘मालगुडी डेज’ (१९८६-८७) ही मालिका केली, तेव्हा गाव उभे राहिले आगुंब्याला आणि स्टेशन घेतले अरसाळूचे. लेखक इंग्रजीचा, दिग्दर्शक कन्नड, मालिका हिंदी. शिवाय हे दिग्दर्शक मुंबईत मराठी नाटकांत वावरलेले. दोन भाषांच्या या अंकात त्याचे नवल ते काय!

पुढे मीटरगेज जाऊन ब्रॉडगेज आले, नवी इमारत झाली आणि जुनी ओस पडली. हिशेबाच्या भाषेत बोलायचे तर घसारा पूर्ण झाला, पुस्तकी किंमत शून्य. तरीही नैर्ऋत्य रेल्वेने ती दुरुस्त करून २०२० साली तेथे ‘मालगुडी म्युझियम’ उघडले. मीटरगेजच्या एका जुन्या डब्यात चहाची सोय केली. ताळेबंदात ज्याला ख्याती म्हणतात, तिने इमारत वाचवली.

पण ही ख्याती मालिकेची आहे, स्टेशनाची नव्हे. ज्या गँगमननी रूळ राखले, ज्या पॉइंट्समननी रात्री कंदील दाखवले, त्यांचा हिशेब कोणत्या खात्यावर मांडायचा? आपल्या मिरज-लोंढा मार्गावरूनही १९९० च्या दशकात मीटरगेज गेले. त्यावरच्या स्टेशनांत स्वामी कधी उतरला नाही. पण आपले आजोबा उतरले होते. माझ्या आजोबांच्या ट्रंकेत बेळगाव-मिरज प्रवासाचे एक पुठ्ठ्याचे तिकीट अजून आहे. वाचकांपैकी कोणाच्या घरी असे तिकीट, जुने वेळापत्रक किंवा स्टेशनातला फोटो असेल, तर मला दाखवावा. मी नोंद ठेवायला सुरुवात केली आहे.