आधी भिंतीची ओळख

अगं, नव्या घराच्या कोऱ्या भिंती पाहून तुझा हात हातोडीकडे धावणार, हे मला ठाऊक आहे. जरा बस, चहा घे, एवढं ऐक आणि मग खुशाल ठोक.

१. मोठी चित्रं लावायची घाई करू नकोस — भिंत ओळखावी श्रावणात, खिळा ठोकावा माघात. पावसाच्या माऱ्याची बाहेरची भिंत आणि बाथरूमला लागून असलेली भिंत हमखास ओल धरते. रंगाचे पोपडे दिसले, तर तिथे कागदावरचं काहीच नको.

२. फ्रेमच्या मागे खालच्या दोन्ही कोपऱ्यांत बुचाच्या चकत्या चिकटव — मागून हवा खेळली की बुरशी लवकर धरत नाही.

३. फ्रेम करताना माउंट घालायला सांग, आणि तोही आम्लरहित — साध्या पुठ्ठ्याने कागद पिवळा पडतो, आणि माउंटच नसेल तर दमट हवेत फोटो काचेला चिकटतो. आजोबांचा फोटो तसा चिकटलाच असेल, तर ओढू नकोस गं. काचेसकट स्कॅन करून घे.

४. आजीचं लक्ष्मीचं चित्र खिडकीसमोर नको — उन्हाने उडालेला रंग परत येत नाही. ते रविवर्म्यांच्या छापखान्यातलं आहे; तो १८९४ साली मुंबईत सुरू झाला, पुढे मळवलीला गेला. तिथली जुनी छापील चित्रं आता पुन्हा कुठून आणणार?

५. स्विचबोर्डच्या सरळ रेषेत वर-खाली ड्रिल चालवू नकोस — आतली वायर बहुधा तिथूनच जाते.

६. चित्राच्या मापाचं वर्तमानपत्र कापून आधी टेपने लाव, दोन दिवस येता-जाता बघ — कागद सरकवला तर भिंतीला भोक पडत नाही. तू उंच, म्हणून सगळं छताजवळ लावशील! चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ सेंटीमीटरवर ठेव, बसायच्या खोलीत आणखी थोडा खाली.

७. रुंद फ्रेमला दोन हुक — एकावर ती दार आपटलं की तिरकी होते. सुतळी नको, तार घाल.

८. काच पुसताना पाणी फडक्यावर मार, काचेवर नको — ओघळ फ्रेमच्या खाचेतून थेट कागदात शिरतो.

९. दिवाळीच्या साफसफाईत प्रत्येक फ्रेम उतरवून मागून बघ — कसर, पालीची अंडी, सैल झालेला हुक, सगळं तिथेच सापडतं. उतरवलेली फ्रेम खाली टेकवताना काच भिंतीकडे कर, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याचा पाय काचेवर पडणार नाही.