भीतीचं यंत्र उघडून पाहू या

रात्री दीड वाजता एका लॅपटॉपभोवती आठ जणांनी कोंडाळं करून भुताचा पिक्चर पाहिला नाही, असा हॉस्टेलवाला सापडणं कठीण. बाहेर पाऊस पडत असतो, लाईट जात-येत असते आणि पिक्चर संपल्यावर कॉरिडॉरच्या टोकाच्या बाथरूमकडे सगळे जोडीजोडीने निघतात. "भेव लागते का बे?" असं विचारणाराच आधी सोबत शोधत असतो. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते काही खोटं नाही!

समोर पडदा आहे, भूत म्हणजे मेकअप केलेला नट आहे, हे आपल्याला पक्कं माहीत असतं. तरीही छाती धडधडते. असं का? आपण इंजिनिअरिंगचे विद्यार्थी. एखादं यंत्र चालतंय म्हटल्यावर ते उघडून पाहायची सवय आपल्याला असायला हवी. या लेखात भयपटाचं यंत्र उघडून पाहायचा प्रयत्न केला आहे.

१) भीती तयार कुठे होते?

आपल्या मेंदूत अमिग्डाला नावाचा बदामाएवढा भाग असतो. धोका ओळखून शरीराला सावध करण्यात त्याचा मोठा वाटा असतो. मोठा आवाज झाला, समोर अचानक काही हललं, की विचार पूर्ण होण्याआधीच शरीर तयार होतं. अॅड्रेनॅलिन वाढतं, ठोके वाढतात, हाताला घाम सुटतो. रानात राहणाऱ्या आपल्या पूर्वजांचा जीव याच घाईने वाचवला. गवतात सळसळ झाली की आधी पळायचं, वाघ होता की वारा ते नंतर पाहायचं. भयपट ही जुनी वायरिंग वापरतो. क्षणभराने उरलेला मेंदू सांगतो, "अरे, आपण खोलीत बसलोय." मग हसू येतं, सुटल्यासारखं वाटतं. त्या सुटकेसाठीच आपण पुन्हा पुन्हा घाबरायला जातो.

२) दिग्दर्शकाची हत्यारं

पहिलं हत्यार आवाज. आल्फ्रेड हिचकॉकच्या 'सायको' (१९६०) मधला बाथरूमचा प्रसंग प्रसिद्ध आहे. तिथे संगीतच नको असं हिचकॉकचं मत होतं. संगीतकार बर्नार्ड हरमन यांनी फक्त तंतुवाद्यं वापरून किंचाळल्यासारखे सूर बसवले आणि हिचकॉकने मत बदललं. मात्र आवाजाइतकीच शांतताही कामाची असते. आधी दोन मिनिटं सगळं चिडीचूप, कान शांततेला सरावतात, आणि मग दार आपटतं. तोच आवाज गर्दीच्या प्रसंगात आला असता तर आपण मानही वळवली नसती.

दुसरं हत्यार न दाखवणं. 'जॉज' (१९७५) च्या वेळी यांत्रिक शार्क समुद्राच्या पाण्यात वारंवार बिघडायचा. म्हणून स्टीव्हन स्पिलबर्गने तो कमी दाखवला आणि नुसत्या पाण्यावर, संगीतावर काम भागवलं. यंत्र बंद पडलं आणि पिक्चर मात्र धो धो चालला! मन चिंती ते वैरी न चिंती. प्रेक्षकाची कल्पनाशक्ती मेकअपवाल्यापेक्षा भारी असते.

तिसरं हत्यार वेळ. हिचकॉक टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण द्यायचा. बॉम्ब एकदम फुटला तर प्रेक्षक पंधरा सेकंद दचकतो. पण बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला आधीच कळलं आणि टेबलाशी बसलेल्यांना कळलेलं नसलं, तर तो पंधरा मिनिटं खुर्चीच्या टोकावर बसतो.

आपल्या शाखेच्या कामाची एक गंमत सांगतो. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री इथले इंजिनिअर व्हिक टँडी यांना प्रयोगशाळेत अस्वस्थ वाटायचं, बाजूला करडी आकृती उभी असल्याचा भास व्हायचा. शोध घेतला तेव्हा नव्याने बसवलेल्या एक्झॉस्ट पंख्यामुळे खोलीत सुमारे १९ हर्ट्झची ध्वनिलहर उभी राहत असल्याचं त्यांना आढळलं. आपल्या कानाची मर्यादा साधारण २० हर्ट्झ, म्हणून ती ऐकू येत नव्हती. १९९८ मध्ये त्यांनी हे छापलं. पुढच्या प्रयोगांनी याला ठाम दुजोरा दिलेला नाही, पण भुताला हाकलायला मांत्रिकाऐवजी मोजमाप घेऊन जाणारा इंजिनिअर मला तरी आवडला.

३) घाबरणारा माणूस कोण?

आता मुद्द्याचं. नुसता आवाज आणि अंधार दोन मिनिटं पुरतो. दोन तास भीती टिकवायची तर ज्याची काळजी वाटेल असं माणूस पडद्यावर लागतं, आणि ते दुबळं करावं लागतं. पिक्चर पाहताना माझ्या लक्षात आलं की दिग्दर्शक त्या पात्राच्या तीन गोष्टी एकेक करून काढून घेतो: वाट, साथ आणि विश्वास. म्हणजे त्याला पळता येत नाही, जवळ कोणी नसतं आणि त्याने सांगितलेलं कोणाला पटत नाही.

महेश कोठारेंचा 'झपाटलेला' (१९९३) आठवा. आपण लक्ष्याला हसतो, पण बाहुला बोलतो हे त्याने सांगून कोणाला पटतंय का? रामदास पाध्ये यांच्या बोलक्या बाहुल्याची भीती बरीचशी त्यातून येते. राही अनिल बर्वेच्या 'तुंबाड' (२०१८) मध्ये काळ १९१८ चा, वाडा जुना, पाऊस थांबत नाही. लहानग्या विनायकला एकट्याला ठेवून आई निघून जाते, आणि साखळदंडात ठेवलेल्या त्या म्हातारीला जेवू घालायचं काम त्याच्यावर येतं. पोर, दिवा आणि म्हातारी, एवढ्यावर अंगावर काटा येतो.

रॅमसे बंधूंच्या 'पुराना मंदिर' (१९८४) सारख्या पिक्चरमध्ये मात्र बाई बहुतेकदा किंचाळण्यापुरती आणि अंगप्रदर्शनापुरती. अनेक भयपटांत वेडसर माणूस, विधवा म्हातारी, कुबडा नोकर ही माणसं मुळातच भीतीदायक म्हणून उभी केलेली असतात. ती तशी का झाली हे कोणी विचारत नाही. इथे भयपट आळशी होतो. ज्यांना समाज आधीच घाबरतो, त्यांनाच तो पुन्हा भूत करतो.

४) 'लपाछपी'चं वेगळेपण

विशाल फुरिया दिग्दर्शित 'लपाछपी' (२०१७) हा मराठी पिक्चर याच्या उलट जातो. (पाहिला नसेल तर हा परिच्छेद सोडा, नंतर मला शिव्या देऊ नका.) पूजा सावंतने केलेली नेहा आठ महिन्यांची गरोदर. कर्जवसुलीच्या गुंडांपासून लपायला ती आणि नवरा ड्रायव्हरच्या गावी, उसाच्या शेतातल्या एकाकी घरात येतात. नवरा शहरात निघून जातो. साथ गेली. चहूकडे सारखाच दिसणारा ऊस, वाट गेली. घरातल्या तुळसाबाईसमोर (उषा नाईक) तिच्या बोलण्याला किंमत नाही, विश्वासही गेला. आणि यातलं बरंचसं भर दिवसा, लख्ख उन्हात. अंधाराची गरजच पडत नाही. आपण वऱ्हाडातली पोरं, तूर-पऱ्हाटीच्या उभ्या पिकात शिरलं की चार हातांवरचं दिसत नाही हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

शेवटी कळतं की जिच्याबद्दल घाबरवलं गेलं तीच खरी बळी होती. खरी भीती मुलगी नको म्हणून तिला जन्मताच संपवणाऱ्या घरातल्या माणसांची आहे. हे हवेतलं नाही. महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे मुली २००१ च्या जनगणनेत ९१३ होत्या, २०११ मध्ये ८९४. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा १९९४ चा असूनही हे झालं. हाच पिक्चर २०२१ मध्ये 'छोरी' नावाने हिंदीत आला.

५) आणि आपलं हॉस्टेल

'लपाछपी' आम्ही प्रथम वर्षाच्या पोरांना बोलावून पाहिला. त्यांच्यात मानोरा तालुक्यातल्या एका खेड्यातला मुलगा होता. घर सोडून पहिल्यांदाच राहायला आलेला, रूममेट सुटीवर गेलेला. पिक्चर संपल्यावर तो बाथरूमला गेला. आम्ही मजल्याचा मेन स्विच बंद केला, एक जण चादर पांघरून जिन्यात बसला, दुसऱ्याने बाथरूमचं दार बाहेरून धरून ठेवलं. तो आतून ओरडला तेव्हा आम्ही हसलो. जेमतेम दोन मिनिटं झाली असतील. दार सोडलं तर तो भिंतीला टेकून खाली बसलेला, तोंडातून शब्द फुटेना. पुढे आठ-दहा दिवस तो रात्री पाणीच पीत नव्हता, उठावं लागू नये म्हणून.

नंतर त्याने सांगितलं. त्याच्या आत्याला बाळंतपणानंतर झोप लागत नव्हती, ती एकटीच बडबडायची. लोक म्हणाले, बाहेरचं लागलं. भगताकडे नेलं, मिरचीची धुरी दिली, मारलं. ती ओरडायची ते या पोराने दाराबाहेर उभं राहून ऐकलेलं. शेवटी दवाखान्यात नेल्यावर ती औषधांनी बरी झाली. भूत उतरवायच्या नावाखाली बांधणं, मारणं, धुरी देणं हा आज गुन्हा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्या कायद्यासाठी वर्षानुवर्षं झगडा केला, तो २०१३ मध्ये, त्यांचा पुण्यात खून झाल्यानंतर आला. सहा महिने ते सात वर्षं शिक्षा आहे.

आम्ही काय केलं होतं? वाट, साथ, विश्वास, तिन्ही काढून घेतलं होतं. पडद्यावर हे करतात तेव्हा नटाने त्याला होकार दिलेला असतो, प्रेक्षकाने तिकीट काढलेलं असतं आणि 'कट' म्हटलं की दिवे लागतात. आमच्या बाथरूममध्ये यातलं काहीच नव्हतं. आम्ही त्याला गंमत म्हणत होतो. राज्याचा १९९९ चा कायदा त्याला रॅगिंग म्हणतो, आणि दोन वर्षांपर्यंत कैद सांगतो. त्याने तक्रार केली नाही हा त्याचा मोठेपणा. आम्ही निर्दोष होतो असा त्याचा अर्थ नाही.

भयपट पाहूच नका असं मी म्हणणार नाही. मी स्वतः आजही पाहतो. फक्त पाहताना एवढं विचारा की घाबरणारा माणूस दुबळा कोणी केला, आणि पिक्चर त्याच्या बाजूने आहे की त्याच्यावर हसतोय? आणि खोलीत शेजारी बसलेला खरंच मजा घेतोय, की फक्त नाही म्हणायची त्याला सोय नाही?

तो मुलगा आता दुसऱ्या वर्षाला आहे. हा लेख छापायच्या आधी त्याला वाचायला दिला. वाचून म्हणाला, "समदं बराबर हाये. पण स्विच कोनं बंद केला होता, थे बी लिही ना मंग."

मेन स्विच मी बंद केला होता.

(तृतीय वर्ष, विद्युत शाखा)