बाळाला घेऊन राहायचं कुठे?

प्रश्न : आमची आजी पंढरपूरची. नवरंगे बालकाश्रमावरून जाताना ती हमखास म्हणायची, "हितं बाया बाळंत व्हायच्या आन् लेकरू ठिवून जायच्या." परवा पेपरात बातमी वाचली. उकिरड्यावर अर्भक सापडलं आणि पोलीस 'निर्दयी माते'चा शोध घेत आहेत. मनात आलं, बाळ ठेवून जायची सोय तर दीडशे वर्षांपूर्वीच झाली होती. पण मुलगी सतरा-अठरा वर्षांची आहे, घरच्यांनी दार लावून घेतलंय आणि तिला बाळ सोडायचं नाही, तर ती जाते कुठे? अशी घरं आहेत का? तिथे नेमकं काय होतं? आणि बाळाच्या जन्मदाखल्यावर बापाचं नाव लागतं, त्याचं काय करतात?
— एक वाचक, सांगोला

उत्तर : आजीचं म्हणणं खरं आहे. ते घर १८७५ साली सुरू झालं. प्रार्थना समाजाचे लालशंकर उमियाशंकर त्रवाडी तेव्हा पंढरपुरात न्यायखात्यात होते, ते त्यांनीच सुरू केलं. केशवपन केलेल्या कोवळ्या विधवा, त्यांच्यावर झालेले अत्याचार आणि त्यातून राहिलेले दिवस हे त्या काळी कुणी मोठ्याने बोलत नसे. पण न्यायाधीशासमोर ते खटल्याच्या रूपाने येई.

त्याही आधी, १८६३ साली, पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी स्वतःच्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं होतं. यामागची हकिगत जोतीरावांनीच लिहून ठेवली आहे. त्यांच्या एका मित्राच्या घरी काशीबाई नावाची ब्राह्मण विधवा स्वयंपाकाला होती. तिला दिवस गेले. ज्याच्यामुळे गेले तो हात झटकून मोकळा झाला. तिने बाळाला मारून विहिरीत टाकलं आणि तिला जन्मठेपेची, काळ्या पाण्याची शिक्षा झाली. फुल्यांनी वस्तीत जाहिराती लावल्या. त्यांत गुप्तपणे येऊन बाळंत व्हा असं आवाहन होतं, आणि मूल न्यायचं की ठेवायचं हे आईच्या मर्जीवर राहील, असंही स्पष्ट म्हटलं होतं.

मर्जी आईची, हे १८६३ साली कुणीतरी छापून भिंतीवर लावलं होतं. आजच्या कितीतरी कार्यालयांतसुद्धा हे वाक्य ऐकायला मिळत नाही.

पण मूल नेणार कुठे? फुल्यांच्या अंगणाबाहेर त्या बाईला मुलासकट उभं राहू देणारी एकही आळी नव्हती. म्हणून बहुतेकींच्या बाबतीत ही मर्जी कागदावरच राहत असणार. तिथे आलेल्या एका विधवेचा मुलगा फुल्यांनी दत्तक घेतला, तोच पुढे डॉ. यशवंत झाला. त्याला घर मिळालं. त्याच्या जन्मदात्रीला आपलं मूल घेऊन राहता येईल असं घर मात्र त्या पुण्यात नव्हतं.

आणखी एक नोंद सांगतो. १८८४ साली समाजसुधारक बेहरामजी मलबारींच्या बालविवाह आणि सक्तीच्या वैधव्यावरच्या टिपणांवर मत देताना जोतीरावांनी या गृहाचा हिशेब दिला. तोवर ३५ गरोदर विधवा येऊन बाळंत झाल्या होत्या. त्यांची पाच मुलं जगली, बाकीची ३० गेली. कारणही त्यांनीच दिलं आहे : पोट लपवण्यासाठी आयांनी आधीच जहरी औषधं घेतली असावीत आणि मुलांना गर्भातच इजा झाली असावी. म्हणजे दार उघडं होतं, पण त्या दारापर्यंत पोचायला त्यांना फार उशीर झाला होता. आजही अशा मुली सातव्या-आठव्या महिन्यात दवाखान्याचं तोंड पाहतात. तोवर ओढणीने पोट आवळून बांधलेलं असतं, रक्त कमी झालेलं असतं, सोनोग्राफी एकदाही झालेली नसते. म्हणून असं घर बाळंतपणाच्या आधी उघडं असायला हवं आणि ते आहे हे मुलीच्या कानावर गेलेलं असायला हवं.

आता आजचा कायदा. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ३५ नुसार आईला बाळ सोपवायचं असेल तर ती बालकल्याण समितीपुढे जाते. समिती चौकशी करते, समुपदेशन करते आणि मग समर्पणपत्र होतं. त्यानंतर आईला विचार बदलायला दोन महिने मिळतात. या काळात ती बाळ परत मागू शकते. तुम्ही वाचलेल्या बातमीतल्या 'निर्दयी माते'बद्दलही हाच कायदा सांगतो की, परिस्थिती हाताबाहेरची असल्यामुळे जन्मदात्यांनी बाळ सोडलं असेल तर ते जाणूनबुजून सोडलं असं धरायचं नाही. बातमी लिहिणाऱ्यांनी हे कलम एकदा तरी वाचावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

दोन महिने मिळतात, हे छान. पण ते दोन महिने ती मुलगी राहते कुठे? बाळंतपणानंतर दोन-तीन दिवसांनी दूध भरून येतं. बाळ जवळ असो वा नसो, ते येतंच. बाळ शिशुगृहात, आई ओळखीच्या कुणाच्या तरी घरी कोपऱ्यात, छाती दगडासारखी घट्ट झालेली, अंगात ताप, आणि हे सांगायचं कुणाला? अशा अवस्थेत तिने मन बदललं नाही, तर तो तिचा निर्णय होता असं आपण कुठल्या तोंडाने म्हणणार? काही मुलींना बाळ खरोखरच द्यायचं असतं. त्यांना ते सन्मानाने देता यावं, त्यात कमीपणा काहीच नाही. मला म्हणायचंय ते एवढंच की ठेवायचं की द्यायचं, हे डोक्यावर छप्पर आहे की नाही यावर ठरू नये.

तर अशी घरं आहेत का? आहेत, पण पुरेशी नाहीत. जिल्ह्याच्या ठिकाणी 'सखी' वन स्टॉप सेंटर असतं. तिथे पाचेक दिवस आसरा मिळतो आणि पोलीस, वकील, दवाखाना यांची गाठ घालून दिली जाते. पुढच्या मुक्कामासाठी शक्ती सदन आहे. पूर्वीची स्वाधार गृहं आणि उज्ज्वला गृहं २०२२ पासून 'मिशन शक्ती'खाली या नावाने एकत्र आली. तिथे मुक्काम दिवसांत नाही, वर्षांत मोजला जातो आणि मुलांनाही ठराविक वयापर्यंत आईजवळ राहता येतं. खासगी संस्थांत अहिल्यानगरला स्नेहालयाचा स्नेहांकुर प्रकल्प आहे. तिथलीच माऊली सेवा प्रतिष्ठान ही संस्था रस्त्यावर सापडलेल्या मनोरुग्ण स्त्रियांना सांभाळते आणि त्यांची मुलंही तिथेच वाढतात. पुण्याजवळ वढू बुद्रुकला 'माहेर' आहे. त्याच्या संस्थापक सिस्टर लुसी कुरियन यांच्याकडे १९९१ साली एक गरोदर बाई आसरा मागायला आली होती. जागा नव्हती म्हणून त्यांनी तिला दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं. त्याच रात्री नवऱ्याने तिला पेटवून दिलं. ती आणि पोटातलं बाळ, दोघंही गेली. पुढे १९९७ मध्ये सिस्टरांनी 'माहेर' उघडलं.

तिथे नेमकं काय होतं, हे तुम्ही विचारलंत ते फार बरं झालं. योजनेच्या कागदावर निवास, भोजन, वैद्यकीय मदत, प्रशिक्षण असे शब्द असतात. प्रत्यक्षात सगळं येऊन ठेपतं रात्री दोन वाजता. बाळ पोट धरून रडतंय. सतरा वर्षांची आई स्वतःच रडकुंडीला आलेली. बाळाला खांद्यावर घेऊन ढेकर काढायची असते, हे तिला कुणी सांगितलेलंच नाही. आपल्याकडे बाळंतिणीला सव्वा महिना जपतात. तेलपाणी करणारी आजी असते, आळिवाची खीर असते, "तू झोप, मी घेते त्याला" म्हणणारी आई असते. या मुलीला ती आईच नाही. सिंधुताई सपकाळ नऊ महिन्यांच्या पोटाने गोठ्यात बाळंत झाल्या आणि पुढे स्वतःच्या आईनेही त्यांना दारात उभं केलं नाही, हे आपल्याला ठाऊकच आहे. म्हणून अशा घरात सगळ्यात मोलाची असते ती रात्रपाळीची काळजीवाहिका. तिचा पगार बहुतेक ठिकाणी सगळ्यात कमी असतो. माझ्या हातात असतं तर मी अनुदानाचा पहिला रुपया तिला दिला असता.

आणि या काळजीवाहिकेने एक करू नये. बाळ सतत आपल्याच कडेवर घेऊ नये. अनुभवी हातांनी बाळ पटकन शांत होतं आणि मुलीला वाटतं, मला जमणारच नाही. चांगली काळजीवाहिका शेजारी बसते, न्हाऊ घालायचं पाणी कोपराने कसं बघायचं ते दाखवते आणि बाळ आईच्याच मांडीवर ठेवते.

घर असलं म्हणजे झालं असंही नाही. आयर्लंडमध्ये अविवाहित मातांसाठी अशी घरं होती, बरीचशी ननांनी चालवलेली. २०२१ साली सरकारी आयोगाचा अहवाल आला. पाहणीत घेतलेल्या संस्थांमध्ये सुमारे ९,००० बालकं दगावली होती. दबावाखाली आपली मुलं काढून घेतली गेली, असं कितीतरी आयांनी सांगितलं. तिथल्या पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली. छप्पर तिथेही होतं. पण त्या छपराखाली मुलीने प्रायश्चित्त घ्यावं, अशी अपेक्षा होती. आपल्याकडच्या संस्थेतही 'आता तरी नीट वाग' हा सूर लागला की मला धास्ती वाटते.

वयाचा अडसर मोठा आहे. मुलगी अठराच्या आत असेल तर पोक्सो या बालकांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याने पोलिसांना खबर देणं बंधनकारक होतं. या भीतीनेच कित्येक जणी दवाखाना टाळतात. गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीने आणि तिच्या पालकाने विनंती केली तर तिची ओळख डॉक्टरांनी खबर देताना उघड करायची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली सांगितलं आहे, पण ते तिच्यापर्यंत पोचवणार कोण? शिवाय कायद्याच्या नजरेत ती स्वतःच बालक असते. त्यामुळे ती बालगृहात आणि तिचं बाळ शिशुगृहात, अशी ताटातूट व्हायची शक्यता राहते. दोघांना एकत्र ठेवणाऱ्या जागा याच वयासाठी सर्वांत जास्त हव्यात. ब्रिटनमध्ये १९९९ च्या सरकारी धोरणानेच ठरवलं होतं की, घरी राहू न शकणाऱ्या अठराखालच्या एकट्या आईला नुसतं रिकामं घर द्यायचं नाही, सोबत मदतनीस असलेलं घर द्यायचं.

संस्थेतून बाहेर पडल्यावर पुढचा प्रश्न येतो. हाताला शिवणकाम आहे, पण बाळ सांभाळणार कोण? पाळणाघर आणि नोकरी एकदम मिळाली तरच ती मुलगी टिकते. भाड्याची खोली मिळणं तर त्याहून कठीण. मालकीण आधी "मिस्टर काय करतात?" विचारते. तुमच्या सांगोल्यात कुणाची एखादी खोली रिकामी असेल, तर संस्थेच्या ओळखीवर ती अशा मुलीला दिली जाणं ही देणगीच्या पावतीपेक्षा मोठी मदत आहे. वेळ आलीच तर महिलांसाठी १८१ आणि बालकांसाठी १०९८ हे क्रमांक घरात लिहून ठेवा.

राहिला जन्मदाखला. बापाचं नाव लागतंच असं नाही. ६ जुलै २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका अविवाहित आईच्या खटल्यात निकाल दिला. बापाचं नाव न सांगताही तिला मुलाची पालक होता येतं. एकट्या आईने जन्मदाखला मागितला तर निबंधकाने तिच्याकडून फक्त प्रतिज्ञापत्र घ्यावं आणि दाखला द्यावा, असंही न्यायालयाने बजावलं. नगरपालिकेच्या खिडकीवर अजूनही "नवऱ्याचं नाव?" म्हणून कागद परत येतो. तेव्हा निकालाची एक झेरॉक्स अर्जाला टाचून द्यावी आणि अर्जाच्या आपल्या प्रतीवर पोच मागून घ्यावी.