कर्ज काढायचं, पण पहिल्या पगाराला विचारून

छोटे, तू पाठवलेलं त्या खाजगी कॉलेजचं माहितीपत्रक मी नीट वाचलं. सर्वांत मोठं पॅकेज किती लागलं हे पहिल्याच पानावर लाल अक्षरात छापलंय. किती मुलं नोकरीशिवाय बाहेर पडली, ते मात्र कुठल्याच पानावर सापडलं नाही. तू म्हणतेस इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगच करायचं, काकू म्हणतात कर्ज काढू, आणि काका गप्प आहेत. रायपूरच्या पंडरी कपडा मार्केटात एका ठोक दुकानाच्या वह्या सांभाळण्यात त्यांचं आयुष्य गेलंय. असा माणूस गप्प बसला, की समजायचं आत बेरीज चाललीय. तीच बेरीज आज आपण दोघी उघड मांडू.

शाखा वाईट नाही, हे आधी सांगून टाकते. चाकणला उत्पादन-नियोजनात काम करताना मी रोज बघते: लाइन नेमकी कुठे अडते, सुटे भाग किती साठवायचे, मशीन कुठे हलवलं तर माणसाची चाल वाचते, ही सगळी कामं याच विषयाची. लग्नसराईच्या आधी किती गाठी मागवायच्या हे काकांचे शेठ अंदाजाने ठरवतात आणि न खपलेला माल वर्षभर फळीवर पडून राहतो. तू तेच गणिताने ठरवायला शिकशील. मला तर हा विषय नुसत्या मेकॅनिकलपेक्षा जास्त आवडतो.

पण पगाराची चाल समजून घे. सुरुवातीला तू जीईटी म्हणजे ट्रेनी इंजिनिअर असशील, शिफ्टमध्ये उभी राहशील, आणि शेजारच्या मेकॅनिकलच्या मुलीएवढाच पगार घेशील. एखादा कारखाना आतून कळायला लागतो तेव्हा या शाखेची किंमत वाढते, आणि त्याला तीन-चार वर्षं जातात. बँकेचा हप्ता मात्र तोवर थांबत नाही. शिक्षण संपल्यावर साधारण एक वर्षाची सवलत, की तो सुरू.

आता कागद घे. धर, त्या खाजगी कॉलेजसाठी दरवर्षी दीड लाख उचलले. चार वर्षांत सहा लाख. व्याजदर १० टक्के धरू. शिकत असताना आणि सवलतीच्या वर्षात सरळव्याज चढतच असतं: पहिल्या दीड लाखावर पाच वर्षांचं, दुसऱ्यावर चार, मग तीन, मग दोन. एकूण २ लाख १० हजार. म्हणजे हप्ता सुरू होतो त्या दिवशी तू सहा नाही, ८ लाख १० हजारांची देणेकरी. दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याला सुमारे १०,७००. शेवटी बँकेत गेलेले पैसे जवळजवळ १२ लाख ८५ हजार.

दुसऱ्या बाजूला पगार मांड. लाल अक्षरातला सोड, साधा धर: वर्षाला ३ लाख ६० हजार. पीएफ वगैरे जाऊन हातात पंचवीस-सव्वीस हजार येतील. त्यातून १०,७०० गेले की उरतात पंधरा हजार, आणि त्यात परगावची खोली, मेस, प्रवास. परगावची म्हणते, कारण घराजवळच्या सिलतरा-उरल्याच्या रोलिंग मिलमध्ये हे काम बहुधा मालक आणि प्लांट इन्चार्ज स्वतःच उरकतात. त्यासाठी वेगळा इंजिनिअर क्वचितच ठेवतात. भिलाईच्या पोलाद कारखान्यात या कामाचा स्वतंत्र विभाग आहे, पण तिथे शिरायचं दार सेल या सरकारी कंपनीच्या भरतीतून जातं. कँपसमधून घरी राहून नोकरी, हे चित्र डोक्यातून काढ.

माझा स्वतःचा नियम सांगते, बँकेचा नाही. हप्ता हातात येणाऱ्या पहिल्या पगाराच्या पाव हिश्श्यापेक्षा मोठा नको. सव्वीस हजारांचा पाव म्हणजे साडेसहा हजार. त्यात व्याजासकट पाच लाखांच्या आसपासच कर्ज बसतं. शिकतानाच व्याज दरमहा भरत गेलात तर मुद्दल फुगत नाही, आणि असं व्याज भरणाऱ्याला बँका बहुधा एक टक्का सूटही देतात. मघाच्याच उदाहरणात पहिल्या वर्षी महिन्याला १,२५०, चौथ्या वर्षी ५,०००. ते भरलं तर पुढचा हप्ता १०,७०० ऐवजी सुमारे ७,९०० वर येतो. हे काकांना जमेल का, ते त्यांनाच विचार. आणि एजंट म्हणेल, व्याजावर ८०ई मध्ये करसवलत आहे. आहे, पण जुन्या करपद्धतीत. आणि साडेतीन लाखांच्या पगाराला मुळात कर किती लागतो गं?

आता जे घरात कोणी बोलत नाहीये ते. कर्जावर सही तुझी एकटीची नसेल, काका सहकर्जदार असतील. चार वर्षं शिक्षण, एक सवलतीचं, दहा फेडीची: पंधरा वर्षं. काका आज पन्नाशीत आहेत, मुनिमाला पेन्शन नसतं. तू हप्ता चुकवलास तर सिबिलवर डाग त्यांच्याही नावावर पडतो. आणि साध्या शैक्षणिक कर्जात साडेसात लाखांच्या वर गेलात की बँक तारण मागते. तुमच्याकडे तारण म्हणजे काय, घराचेच कागद ना? साडेसातच्या आत राहायचं, यावर मी अडून बसणार.

मग काय करायचं? घराजवळ एनआयटी रायपूर आहे. १९५६ मध्ये खाण आणि धातुशास्त्राचं सरकारी कॉलेज म्हणून सुरू झालेलं, २००५ पासून एनआयटी. बीटेकला इंडस्ट्रियल नाही तिथे, मेकॅनिकल आहे. पण अर्ध्या जागा राज्यातल्या मुलांना, मुलींसाठी वेगळ्या जादा जागा, आणि शिकवणी फी सहामाहीला ६२,५००. घरचं उत्पन्न एक ते पाच लाखांत असेल तर त्यातली दोन तृतीयांश माफ. म्हणजे चार वर्षांची पाच लाखांची फी पावणेदोनच्या आत येते, आणि घरून जा-ये. इंडस्ट्रियलचंच नाव हवं तर जमशेदपूर, कुरुक्षेत्र आणि अलाहाबादच्या एनआयटीत प्रॉडक्शन अँड इंडस्ट्रियल आहे. फी तीच, पण वर वसतिगृह-मेस, आणि तिथे तू बाहेरच्या राज्याच्या कोट्यात.

मला विचारशील तर मेकॅनिकल कर आणि इंडस्ट्रियल पुढे घे. नागपूरच्या व्हीएनआयटीत त्यात एमटेक आहे, आणि गेट देऊन एमटेकला गेलीस तर महिन्याला १२,४०० विद्यावेतन मिळतं. म्हणजे तो विषय कर्ज न वाढवता शिकता येतो. पवईची निटी ही संस्था तर १९६३ मध्ये याच विषयासाठी निघाली होती. २०२३ पासून तीच आयआयएम मुंबई. तिथली फी मात्र भारी आहे, नोकरी करून मग जावं अशी.

आणखी एक खाच पदवीच्या नावाची. सरकारी कंपन्यांच्या जाहिरातीत कोणत्या पदव्या चालतील याची यादी असते. एनटीपीसी मेकॅनिकलच्या जागेला प्रॉडक्शन आणि इंडस्ट्रियलवाल्यांनाही धरते, पण प्रत्येक कंपनी धरेलच असं नाही, आणि गेटचा पेपर मेकॅनिकलचा द्यावा लागतो. कॉलेजच्या पदवीपत्रावर नेमके कोणते शब्द छापतात ते प्रवेशाआधी बघ.

एनआयटी हुकलीच तर? पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजना नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झाली आहे. यादीतल्या संस्थेत प्रवेश मिळाला तर तारण आणि जामीनदार लागत नाही. घरचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणाच्या आणि सवलतीच्या काळात तीन टक्के व्याजसवलत. साडेचार लाखांपर्यंत असेल तर तांत्रिक शिक्षणाला त्या काळातलं पूर्ण व्याज सरकार भरतं. त्या लाल अक्षरवाल्या कॉलेजचं नाव यादीत आहे का ते तूच शोध. नसेल, तर एआयसीटीईची मुलींसाठीची प्रगती शिष्यवृत्ती बघ: वर्षाला ५० हजार, उत्पन्नमर्यादा आठ लाख. ती मिळाली तर सहा लाखांचं कर्ज चारवर येतं, आणि चार लाखांपर्यंत बँका ना तारण मागतात ना जामीनदार. शिष्यवृत्ती आणि विद्यालक्ष्मीची व्याजसवलत दोन्ही एकदम मिळत नाहीत, हे आत्ताच ऐकून ठेव.

कॉलेजला फोन केलास तर सर्वांत मोठं पॅकेज विचारू नकोस. मधला पगार विचार, म्हणजे सगळे पगार ओळीने लावल्यावर मधोमध येणारा. एनआयआरएफ क्रमवारीसाठी संस्था तो आकडा देतात, वेबसाइटवरही टाकतात. फक्त तो सगळ्या शाखांचा मिळून असतो आणि कॉम्प्युटरवाले त्याला वर ओढतात. म्हणून तुझ्या शाखेचा वेगळा माग. द्यायला टाळाटाळ केली, तर उत्तर मिळालं असं समज.

माझं मत स्पष्ट आहे. एनआयटी रायपूरला मेकॅनिकल मिळालं तर डोळे मिटून घे. दुसऱ्या एनआयटीत इंडस्ट्रियल मिळालं तर कर्ज काढून जा, मी काकांशी बोलते. त्या कॉलेजला सहा लाख कर्ज काढून, शिष्यवृत्तीशिवाय? नको. तू रुसलीस तरी चालेल.

तोवर एक काम कर. तहसीलमध्ये आय प्रमाणपत्राचा, म्हणजे उत्पन्नाच्या दाखल्याचा, अर्ज याच आठवड्यात टाक. फीमाफी, व्याजसवलत आणि शिष्यवृत्ती, तिन्हींना तोच कागद लागतो.