दस्त्याला चीर गेली तर

जुन्या बंदुकीची नळी सहसा दगा देत नाही. दगा देतो तो लाकडी दस्ता, आणि तोही बहुतेक वेळा एकाच जागी: चापाच्या मागं, पकड बसते त्या मानेत. आमच्या घरची बारा बोअरची दुनळी निजामाच्या अमलातली. आजोबांकडून वडिलांकडं आणि पुढं रीतसर परवाना होऊन माझ्याकडं आली. तिच्या मानेला फार जुनी चीर होती. माझ्या आधी कधीतरी कुणीतरी घरच्या घरी त्यात तारखिळे ठोकले आणि खिळ्यांची डोकी लाखेनं बुजवून टाकली. वरचं पॉलिश इतकं चोख, की नुसतं पाहणाऱ्याला शंका येऊ नये. दुरुस्तीचा परवाना असलेल्या कारागिरानं दस्ता सोडवला तेव्हा आतलं खरं दिसलं. गंजलेल्या खिळ्यांभोवतीचं लाकूड काळं आणि ठिसूळ झालेलं, आणि एका चिरेच्या अनेक चिरा झालेल्या. त्या अवस्थेत बार काढला असता तर मान खांद्याशीच तुटली असती.

घरच्या दुरुस्तीत हा धोका का असतो ते समजून घ्या. बार उडाला की नळीचा सगळा धक्का मागं येतो आणि तो लाकूड झेलतं. लोखंड आणि लाकूड जिथं सगळीकडून सारखं टेकलेलं असतं, तिथं धक्का वाटला जातो. लाकूड एका बाजूनं झिजलं, की लोखंडाचं मागचं टोक पाचरीचं काम करतं आणि मान लाकडाच्या रेषेच्या दिशेनं उभी चिरते. म्हणून जाणता कारागीर त्या टोकामागं कागदाच्या जाडीएवढी फट मुद्दाम ठेवतो. लाकूड नीट बसलं नाही असं समजून ती फट भरून बुजवणारे हात मी पाहिले आहेत. पुढची चीर तिथूनच सुरू होते.

दुसरं कारण तेल. बंदूक नळी वर करून कोपऱ्यात उभी ठेवायची आपल्याकडं सवय आहे. नळीला आणि यंत्राला लावलेलं खनिज तेल वर्षानुवर्षं ओघळून मानेत मुरतं आणि लाकूड मऊ पडतं. अशा लाकडाला कोणताच चिकटा धरत नाही. फेव्हिकॉल तर नाहीच. तो सततच्या ताणाखाली हळूहळू सरकतो. आधी तेल बाहेर ओढावं लागतं. खडूची भुकटी ॲसिटोनमध्ये कालवून तिचा लेप पुन्हा पुन्हा द्यायचा, तोही उघड्यावर आणि विस्तवापासून लांब. मग सावकाश सुकणारं दोन नळ्यांचं ॲराल्डाइट चिरेच्या तळापर्यंत जायला हवं. लोखंडी भागांना मेण, नाहीतर तेही कायमचं चिकटतं. बांधायला सायकलच्या ट्यूबची पट्टी उत्तम, कारण गोल मानेवर ती सगळीकडून सारखी आवळते. आधार म्हणून आत पितळी आट्यांची सळई बसवतात. लोखंडी खिळा कधीच नाही.

हे सगळं सांगतोय ते तुम्ही स्वतः करावं म्हणून नव्हे, तर कारागिराला नेमके प्रश्न विचारता यावेत म्हणून. 1959 च्या शस्त्र कायद्याच्या कलम 5 मध्ये विक्री आणि निर्मितीच्या जोडीनं ‘दुरुस्ती’ हा शब्दही आहे. परवान्याशिवाय ती केली तर 2019 च्या बदलानंतर किमान शिक्षाच सात वर्षांची आहे. गावच्या ओळखीच्या सुताराच्या हातात बंदूक देणं म्हणजे त्या गरिबाला या कलमात ओढणं. त्याचा हात कितीही चांगला असो, हे करू नका. म्हाताऱ्या परवानाधारकाला स्वतः जाणं झेपत नसेल तर त्याच्या लेखी अधिकारपत्रावर मुलानं दुरुस्तीसाठी बंदूक नेण्याची सोय याच कायद्यात आहे. चिठ्ठीबरोबर परवान्याचं पुस्तकही जवळ ठेवा.

आपल्या कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरच्या लोकांसाठी एक गोष्ट फार महत्त्वाची. भालकी-बसवकल्याणचा माणूस औषधाला, सोयरिकीला, बियाण्याला सहज उदगीर-लातूरला जातो. मधली राज्याची हद्द आपल्या मनात नसतेच. बंदुकीच्या परवान्यावर मात्र ती असते. परवाना कोणत्या क्षेत्रापुरता चालतो ते त्यावर लिहिलेलं असतं. ते फक्त कर्नाटकापुरतं असेल, तर उदगीरचा कारागीर कितीही चांगला असला तरी बंदूक घेऊन हद्द ओलांडू नका.

ज्यांच्याकडं ली-एनफिल्ड घराण्यातली जुनी रायफल आहे त्यांनी आणखी सांभाळावं. तिचा मागचा दस्ता आतून लांब बोल्टानं आवळलेला असतो. जुन्या घडणीत त्या बोल्टाचं चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पत्रीत अडकलेलं असतं. पुढचं लाकूड न काढता बोल्ट फिरवला, की ते पुढचं लाकूडच फुटतं. मागं हलतंय म्हणून स्क्रू-ड्रायव्हर घालून आवळायचा मोह अनावर असतो, तो आवराच.

घरी करण्यासारखंही आहे. आधी बंदूक रिकामी आहे याची नळ्यांत डोळ्यांनी पाहून खात्री करा. काडतुसं दुसऱ्या खोलीत. लाकडावर पोचा पडला असेल तर ओलं फडकं ठेवून वरून गरम इस्त्री क्षणभर टेकवा. दबलेले तंतू वाफेनं वर येतात. पॉलिश पेपरनं घासू नका, त्यानं लोखंडाशी जुळलेल्या कडा खाली बसतात आणि जुन्या खुणा पुसल्या जातात. तेल लावायचं तर जवसाचं, अगदी थेंबभर, तळव्यानं चोळून. खोबरेल किंवा शेंगदाण्याचं कधीच सुकत नाही, चिकट राहून धूळ धरतं. जवसाच्या तेलाची चिंधी मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. तिच्यात आपोआप उष्णता साठून ती पेट घेऊ शकते. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा. बंदूक ठेवताना नळीचं तोंड खाली करा, म्हणजे तेल लाकडात उतरणार नाही, आणि कुलूप लावा.

निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागू शकतात. तिथं त्या एकमेकींना टेकून उभ्या राहतात. जमा करण्याआधी दोन्ही बाजूंनी मानेचे फोटो काढून ठेवा, चीर असेल तर पावतीवर तशी नोंद मागून घ्या, आणि परत घेताना तिथंच उजेडात धरून मान पाहा.