तिसरं घड्याळ घेताना : मामाचे कानमंत्र

बाबू, तू दोन घड्याळांमध्ये अडकलायस, असं तुझ्या आईकडून कळलं. एकीकडे ओमेगाचं स्पीडमास्टर मूनवॉच, दुसरीकडे रोलेक्सचं सबमरिनर. मोताळ्यात बसून मामा यावर काय बोलणार, असं वाटेल तुला. पण घड्याळ एचएमटीचं असो की स्वित्झर्लंडचं, आतली स्प्रिंग, चाकं आणि त्यांचे रुसवेफुगवे तेच. तुझ्या डबीत आजोबांचं एचएमटी जनता आहे, पहिल्या पगाराचं सेको फाइव्ह आहे. आता तिसरं कोणतं, एवढंच ठरवायचंय ना? मग बस जरा. मी सावकाशच सांगणार.

१. आधी घरची डबी उघड, मग दुकानाचं दार — जनता चावीचं, सेको हात हलला की आपोआप भरणारं. या दोघांना जे येत नाही ते तिसऱ्याला यावं. नाहीतर संग्रह होत नाही, गर्दी होते.

२. खामगावात चांदी घेताना आपण आधी कस विचारतो, नक्षी मागून बघतो. इथेही तसंच कर — सबमरिनरच्या पोटात ३२३० हे ऑटोमॅटिक यंत्र आहे, पूर्ण भरलं की साधारण ७० तास चालतं. मूनवॉचमध्ये ३८६१ आहे, त्याला हातानंच चावी द्यावी लागते आणि ते ५० तास चालतं.

३. हे तास आपल्या आठवड्यावर घालून बघ — शुक्रवारी रात्री ९ वाजता काढलंस आणि सोमवारी सकाळी ७ वाजता हातात घेतलंस तर ५८ तास होतात. सबमरिनर चालू सापडेल, मूनवॉच झोपलेलं. रोज चावी द्यायचा तुला कंटाळा आहे की हौस, हे मला माहीत आहे; तू स्वतःला विचार.

४. बिनचूक वेळेसाठी यातलं एकही घेऊ नकोस — रोलेक्स दिवसाला दोन सेकंद मागे-पुढे असा वायदा करतं, मूनवॉचची परीक्षा शून्य ते पाच सेकंद पुढे अशी असते. सेलवरचं साधं घड्याळ महिन्याला पंधरा-वीस सेकंदच चुकतं. लाखो रुपये कारागिरीचे आहेत, वेळेचे नाहीत.

५. सबमरिनर ४१ मिलिमीटर, मूनवॉच ४२. त्या एका मिलिमीटरवरून रात्र जागवू नकोस — बघायचं ते पट्टा जिथे बसतो ते कान मनगटाच्या बाहेर डोकावतात का. आकडा कागदाचा, कान मनगटाचे.

६. दुकानात घातलंस की आरशासमोर उभा राहा — आपण आपलं घड्याळ नाकाजवळ धरून बघतो आणि सगळंच मोठं वाटतं.

७. नळगंगा धरणावर पोहायला जाताना मूनवॉच घरी ठेव — त्याला ५० मीटरचीच हमी आहे, सबमरिनरला ३०० मीटरची. आणि हे मीटर म्हणजे खोली नव्हे, कारखान्यातल्या दाबाची परीक्षा. ५० मीटरवालं पावसात चालतं, पोहताना मात्र जोखीम नको. ओल्या हातानं मूनवॉचच्या स्टॉपवॉचची बटणं तर दाबूच नकोस.

८. सबमरिनर घेतलंस तर चावी दिल्यावर तिचं बटण आत दाबून आटे घट्ट बसव — हे विसरलं की ३०० मीटरवाल्या घड्याळातही पाणी शिरू शकतं.

९. बुलढाण्याहून राजूर घाट उतरला की ऊन कसं अंगावर येतं, ते तुला ठाऊक आहे. उन्हाळ्यात गावी येणार असशील तर स्टीलचाच पट्टा लाव — घामानं चामडं आधी काळं पडतं, मग वास मारतं, मग शिवणीत सुटतं. गाडीच्या डॅशबोर्डवर घड्याळ ठेवशील तर आतलं तेल लवकर खराब होईल, ते वेगळंच.

१०. चावीचं घड्याळ मनगटावरून काढून, रोज एका ठरलेल्या वेळी भर — हातात असताना दिली तर दांडीवर तिरका ताण येतो. शेवटी अडल्यासारखं लागलं की तिथेच थांब.

११. सेकोची तारीख रात्री ९ ते पहाटे ४ या वेळात बदलू नकोस — तेव्हा तारखेची चाकं आधीच एकमेकांत गुंतलेली असतात, जोर केला की दात जातो. मूनवॉचला तारीखच नाही, तेवढी एक काळजी कमी.

१२. मोबाईल, स्पीकर आणि चुंबकाचं झाकण असलेलं पाकीट यांच्याशेजारी आजोबांचं जनता ठेवू नकोस — एखादं घड्याळ अचानक रोज कित्येक मिनिटं पुढे पळायला लागलं की बहुधा चुंबक लागलेलं असतं. चुंबक उतरवायला कारागिराला पाच मिनिटं पुरतात, उगाच घड्याळ खोलू देऊ नकोस. नवं मूनवॉच १५,००० गॉसपर्यंत दाद देत नाही. जुन्या माणसांना एवढी कातडी नसते.

१३. घड्याळाची गोष्ट ऐक, पण गोष्टीतलं खरं-खोटं निवड — स्पीडमास्टर १९५७ चं, मूळ मोटारींच्या शर्यतीसाठी. १९६५ मध्ये नासानं चाचण्या घेऊन ते अंतराळवीरांसाठी मान्य केलं. १९६९ मध्ये चंद्रावर पाऊल टाकणाऱ्या आर्मस्ट्राँगच्या हातात ते नव्हतं बरं का! यानातलं घड्याळ बिघडलं म्हणून त्यानं आपलं आत ठेवलं, चंद्रावर यानाबाहेर गेलं ते ऑल्ड्रिनचं. पुढच्या वर्षी अपोलो १३ संकटात सापडलं तेव्हा १४ सेकंदांचा इंजिनाचा झोत याच घड्याळावर मोजला. मला ही गोष्ट चंद्रावरच्या पावलापेक्षा जास्त आवडते, कारण तिथे घड्याळानं काम केलं. आणि आपल्या जिल्ह्यातल्या लोणारच्या विवरातले दगड चंद्रावरच्या दगडांशी ताडून बघितले गेलेत. बेसाल्टमध्ये उल्केनं पाडलेलं असं विवर पृथ्वीवर दुर्मीळ. चंद्राशी आपलं अगदीच काही नातं नाही असं नव्हे!

१४. मूनवॉचची गोष्ट मोठी म्हणून सबमरिनरला कमी लेखू नकोस — १९५३ पासून ते पाणबुड्यांचं घड्याळ आहे, आणि रोज एकच घालणाऱ्यासाठी दोघांत तेच दणकट. न बघता घालावं आणि विसरून जावं असं.

१५. घेण्याआधी सर्व्हिसिंगचा दर विचार, सवलत नंतर — स्टॉपवॉच असलेल्या घड्याळात भाग जास्त, म्हणून उघडणीचा खर्चही तीन काट्यांच्या घड्याळापेक्षा जास्त. मोताळ्यातून तर मुंबई-पुणे गाठावं लागतं. कारागीर लांब, दुखणं महाग.

१६. जनता मात्र गावाकडच्या जुन्या घड्याळजीलाच दाखव — एचएमटीनं १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या मदतीनं बंगळुरूत घड्याळं सुरू केली, आणि २०१६ मध्ये केंद्र सरकारनं तिची घड्याळांची कंपनी बंद करायचं ठरवलं. आता सुटे भाग बहुधा जुन्या घड्याळांतूनच निघतात, आणि कुठलं कुठे बसतं हे त्या म्हाताऱ्याच्या बोटांना माहीत असतं.

१७. चकाकी करून देतो म्हणणाऱ्याला हात जोड — पॉलिशनं ओरखडा जातो तशी केसची धारही जाते, आणि धार परत येत नाही.

१८. हमीचं कार्ड, पावती आणि घड्याळावरचा नंबर दुकानातच जुळवून बघ, तिन्हींचे फोटो काढून आईच्याही फोनवर ठेव — चोरी झाली, विमा मागायचा झाला की तोंडचं काही चालत नाही.

१९. रोख देऊ नकोस — दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला दुकानदाराला कायद्यानं बंदी आहे. घड्याळ दहा लाखांच्या वर गेलं तर एप्रिल २०२५ पासून दुकानदार १ टक्का टीसीएस हा कर वर घेतो. तो विवरणपत्रात वळता करून घेता येतो, विसरू नकोस.

२०. हप्त्यावर तर नकोच नको — हप्त्याचं घड्याळ पळतं, पगार मागे राहतो.

२१. उगाच घाई करू नकोस — युरोपातल्या स्वित्झर्लंडसह चार देशांशी आपला करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झालाय आणि स्विस घड्याळांवरची आयात जकात टप्प्याटप्प्यानं उतरणार आहे. दुबईहून कुणी आणून देतो म्हणाला तर कस्टम्समध्ये सांगूनच आणायचं.

२२. पुढे विकून किती येतील, हा हिशेब मनात धरून निवडू नकोस — सबमरिनरसाठी लोक दुकानात नावं नोंदवून थांबतात, म्हणून तुलाही ते हवंसं वाटतंय का, एवढं तपास. रांग बघून भूक वाढते, पोट नाही वाढत.

२३. आईला खरा आकडा सांग — तिला पावती सापडणारच आहे, आणि मग फोन मला येतो.

२४. आता माझं मत. तुझ्या डबीसाठी मूनवॉच घे, मागून यंत्र दिसणारं सफायर काचेचं — ऑटोमॅटिक तुझ्याकडे आहे, स्टॉपवॉच नाही. आणि बटण दाबल्यावर आतल्या पट्ट्या कशा सरकतात, हे घरातल्या पोरांना दाखवता येईल. सबमरिनरच्या यादीत नाव दिलं असशील तर ते काढू मात्र नकोस, राहू दे.