‘पिशवीला सूज’ म्हणजे काय, ते आधी विचार

अगं, ओटीपोटात दुखतंय, अंगावर पांढरं जातंय, एवढं सांगितलं की आपल्याकडे ‘पिशवीला सूज आहे’ हे ठरलेलं उत्तर मिळतं. मग सोनोग्राफी, आणि पाठोपाठ ‘काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल.’ आपल्या जालन्यात मंठा, परतूर, घनसावंगीकडच्या ज्या बायका दसरा झाला की ऊसतोडीला कोयत्यावर जातात, त्यांना हे चटकन पटतं. आजारपणात खाडा पडला तर मुकादम पैसे कापतो ना! शेजारच्या बीडमध्ये तीन वर्षांत ४,६०५ बायकांच्या पिशव्या काढल्याचा आकडा २०१९ साली विधिमंडळात सांगितला गेला. त्या सगळ्यांना ऑपरेशनच लागत होतं, हे मला तरी पटत नाही.

सूज हे काही आजाराचं नाव नव्हे. जंतुसंसर्ग असेल तर ओटीपोटात बहुधा दोन्ही बाजूंनी दुखतं, घाण वासाचं पिवळट-हिरवट पाणी जातं, नवऱ्याजवळ गेलं की आत दुखतं, कधी पाळी नसताना डाग पडतो. थंडीताप येतो, पण प्रत्येकीला नाही. बाळंतपण, गर्भपात किंवा तांबी बसवल्यानंतरच्या काही आठवड्यांत असं झालं तर अंगावर काढू नकोस. सोनोग्राफी साफ आली तरी संसर्ग असू शकतो. म्हणून आतून तपासणी करावीच लागते. लाज वाटते, ठाऊक आहे मला. बाई डॉक्टर आहेत का विचार, सोबत कुणाला तरी ने. डॉक्टर राणी बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत ६५० बायका तपासल्या, तेव्हा ९२ टक्के जणींना कसला ना कसला स्त्रीरोग निघाला, आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. १९८९ साली छापून आलेली गोष्ट आहे, पण आपली लाज अजून तिथंच आहे.

संसर्ग गोळ्यांनी बरा होतो. साधारण १४ दिवसांचा कोर्स असतो. चार दिवसांत बरं वाटलं म्हणून उरलेल्या गोळ्या फडताळात टाकायच्या नाहीत. नवऱ्यालाही औषध लागतं, नाहीतर तुझं दुखणं फिरून येतं. सरकारी दवाखान्यात हे फुकट मिळतं.

आता पांढऱ्याचं. दोन पाळ्यांच्या मधे तार सुटेल असं, बिनवासाचं पाणी गेलं तर तो आजार नाही. दह्यासारखं जाऊन खाज सुटली तर ती बुरशी, तिचं औषध वेगळं. लघवीला जळजळ आणि सारखं जावं लागणं हा लघवीचा संसर्ग. फडात आडोसा नाही म्हणून दिवसभर पाणी न पिणाऱ्या बायकांना तो जास्त छळतो. पाळीच्या आधीपासून कळा, दरवर्षी वाढत्या, ताप नाही, तर एंडोमेट्रिओसिसबद्दल, म्हणजे पिशवीच्या अस्तरासारखं अस्तर पिशवीबाहेर वाढण्याबद्दल, विचार. पाळीत गाठी पडून खूप रक्त जात असेल तर पिशवीत फायब्रॉइड, म्हणजे कॅन्सरची नसलेली गाठ, असू शकते. पाळी कमी झाली, दिवस राहत नाहीत, संध्याकाळी कणकण येते, तर टीबी तपासायला सांग. तो फक्त छातीत होत नाही.

दोन दुखणी मात्र सकाळपर्यंत थांबवायची नाहीत. बेंबीपाशी सुरू होऊन उजवीकडे खाली सरकलेली कळ, सोबत उलटी, हे अपेंडिक्स असू शकतं. आणि पाळी चुकलीय, एका बाजूला जोरात दुखतंय, डोळ्यापुढे अंधारी येतेय, तर गर्भ नळीत राहिलेला असू शकतो. नसबंदी झालेली असली तरीसुद्धा. १०८ ला फोन कर.

पिशवी काढायची वेळ काही जणींवर खरोखर येते, नाही असं नाही. पण ‘नेमका आजार कोणता, गोळ्यांनी बरा होणार नाही का, अंडाशय ठेवणार का’ हे तिन्ही विचारल्याशिवाय हो म्हणू नकोस. अंडाशयही गेले तर तिशीतच रजोनिवृत्ती येते, हाडं ठिसूळ होतात. यंदा टोळी निघायच्या आधी सगळे कागद घेऊन जालन्याच्या महिला रुग्णालयात दाखवून ये. आणि ऑपरेशनच्या कागदावर सही करण्याआधी मला एक फोन कर.